गणेबैलच्या पुढं माझा पाय धरून बसलेल्या अक्कांना

अक्का, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहून गेलं. पिरनवाडीला तुम्ही उतरलात तेव्हा पाऊस इतका होता, की खिडकीची काच पुसेपर्यंत तुमची गुलाबी साडी दिसेनाशी झाली. आशा कार्यकर्ती आहात एवढंच त्या साडीवरून कळलं. म्हणून हे पत्र असं सगळ्यांसमोर लिहिते आहे. त्या बाजूच्या कुणी वाचलं, तर तुमच्यापर्यंत पोचेल.

गेल्या जुलैत, खानापूरहून बेळगावला येणाऱ्या संध्याकाळच्या बसमध्ये मी नेहमीसारखी उभी होते. गणेबैल गेल्यावर ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला आणि कुणाचा तरी दुधाचा रिकामा कॅन घसरत येऊन माझ्या डाव्या घोट्यावर आदळला. फारसं दुखलं नाही. थोड्या वेळानं चपलेत कोमट, चिकट लागायला लागलं. खाली बघते तर रक्त. घोट्याच्या आतल्या अंगाला एक निळसर फोड होता, त्यातून बारीक धार लागली होती.

मग एकच गोंधळ झाला. कुणी ओढणी दिली, कुणी ती गुडघ्याखाली आवळून बांधली, आणि धार कमी व्हायच्या ऐवजी वाढली. तेवढ्यात मागच्या बाकावरून तुम्ही माणसं बाजूला सारत आलात. "आधी ते सोडा," एवढंच म्हणालात आणि स्वतःच गाठ सोडलीत. कंडक्टरना पोतं अंथरायला लावलंत, मला वाटेतच आडवं केलंत आणि पाय उचलून सीटवर ठेवलात. "अंजब्याडरी बाई, भिऊ नका." डब्याला बांधलेला रुमाल सोडलात, त्याची चौकोनी घडी केलीत, फोडावर ठेवलीत आणि वरून अंगठा दाबलात.

तो अंगठा मला अजून दिसतो. जोर लावून नखाभोवती पांढरा पडलेला, बांगड्या कोपरापर्यंत सारलेल्या. मध्येच मी "थांबलं का बघा की" म्हटलं, तर तुम्ही मान हलवलीत. सारखं उचलून बघितलं की पुन्हा सुरू होतं, दहा मिनिटं हात हलवायचा नाही, म्हणालात. देसूर गेलं, मच्छे गेलं, तुमचा हात तिथंच.

आणखी एक गोष्ट केलीत, ती मी जन्मभर विसरणार नाही. साडी गुडघ्यापर्यंत वर गेलेली, बस गच्च भरलेली, त्यात माझे दोन जुने विद्यार्थी. माझा चेहरा बघून तुम्ही कॉलेजच्या एका मुलीला छत्री उघडून माझ्या आडोशाला धरायला सांगितलंत. ती पोरगी पिरनवाडीपर्यंत छत्री धरून उभी होती. तिचेही आभार, आणि पोतं देणाऱ्या कंडक्टरांचेही.

अक्का, तो पाय मी कित्येक वर्षं लपवत होते. खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेत 26 वर्षं फळ्यापुढं उभी आहे. धाकट्याच्या बाळंतपणात पोटरीवर शिरा फुगल्या (व्हेरिकोज व्हेन्स म्हणतात त्याच), त्या पुढं दोरखंडासारख्या पिळल्या गेल्या. संध्याकाळी पाय शिशासारखा जड व्हायचा, रात्री पोटरीत गोळे यायचे, घोट्याजवळची कातडी काळी पडून खाजायची. साडी थोडी खाली नेसली की कुणाला दिसत नाही. एका दवाखान्यात वर्षानुवर्षं मलम आणि कॅल्शियमच्या गोळ्या घेतल्या. तिथं मला नेहमी टेबलावर झोपवून पाय बघायचे, आणि झोपलं की या शिरा रिकाम्या होऊन बसतात, निम्म्या दिसतच नाहीत. उभं राहा, असं मला कुणी म्हटलंच नव्हतं.

ते तुम्ही म्हणालात. तुमच्या सासूबाई वडगावात मागावर उभ्या राहायच्या, त्यांच्या घोट्याला असंच होऊन पुढं बारा वर्षं न भरणारी जखम झाली होती, हे सगळं तुम्ही अंगठा न उचलता सांगितलंत. "मलम पुरे झालं बाई. सर्जनकडं जावा, उभं राहून डॉपलर करा, शिरांतलं रक्त कसं वाहतंय ते दाखवणारी सोनोग्राफी." उतरताना रुमालावरून पट्टी घट्ट गुंडाळलीत, पण पाय काळानिळा होईल इतकी नाही.

मी दुसऱ्याच आठवड्यात गेले. उभं करून पोटरीवर जेल लावलं, पोटरी दाबली, सोडली. दाबल्यावर पडद्यावर एक रंग वर जायचा, सोडल्यावर दुसरा रंग खाली उतरायचा आणि उतरतच राहायचा. अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त वेळ रक्त उलटं आलं तर शिरेतली झडप बिघडली असं धरतात. माझ्या यजमानांना ते एका क्षणात कळलं. आमच्या शेतातल्या विहिरीवर मोटर आहे. "म्हणजे फूटवॉल गेलाय," ते म्हणाले, आणि सर्जनही हसून हो म्हणाले. फूटवॉल, म्हणजे पाइपाच्या तळाची झडप, गळायला लागला की पाइपातलं पाणी परत विहिरीत उतरतं, तसं पायातलं रक्त वर चढायच्या ऐवजी परत घोट्याशी येऊन साचतं. त्या साचलेल्या रक्ताच्या दाबानं कातडी काळी पडते, खाजते, फुटते. ओढणी आवळल्यावर धार का वाढली, तेही तेव्हा उमगलं: वर जायची वाट आम्हीच बंद केली होती.

लेसरचाही पर्याय होता. पण माझी शीर फार वाकडीतिकडी आणि कातडीला लागून होती, म्हणून उघडून काढायचं ठरलं. तेव्हा शेजारणी, नणंदा, सगळ्या म्हणाल्या, शीर काढली की पाय वाळतो. मीही घाबरले. सर्जनांनी सांगितलं, पायातलं बहुतेक रक्त आतल्या खोल शिरांतून वर जातं आणि तुमच्या त्या शिरा चांगल्या आहेत, डॉपलरमध्ये तेच आधी बघितलं. शिवाय हृदयाच्या बायपाससाठी हीच शीर पायातून काढून घेतात. आमच्या गल्लीतल्या एका काकांचं बायपास झालेलं, ते रोज सकाळी फिरायला जातात. त्यांच्या पायावरची लांब खूण मी मुद्दाम जाऊन बघून आले, मग कुठं धीर आला.

दसऱ्याच्या सुट्टीत ऑपरेशन झालं. आदल्या संध्याकाळी मला उभं करून मार्करनं सगळ्या शिरा पायावर काढल्या, खानापूर तालुक्याचा नकाशाच जणू. पाठीत सुई देऊन कमरेखालचा भाग बधिर केला. जांघेत, जिथं ती लांब शीर खोल शिरेला मिळते, तिथं बांधून तोडली आणि तारेवरून गुडघ्याच्या जरा खालपर्यंत ओढून काढली. त्याच्या खाली पूर्ण ओढत नाहीत, कारण तिथं स्पर्श कळवणारा मज्जातंतू शिरेला अगदी चिकटून असतो. पोटरीवरच्या गाठी तांदळाच्या दाण्याएवढ्या छेदांतून एकेक वेचून घेतल्या. त्याच संध्याकाळी क्रेप बँडेज बांधून मला चालवलं. पोटरी हलली की रक्त वर ढकललं जातं, पडून राहिलं तर गुठळी व्हायची भीती असते.

मांडी दोन-तीन आठवडे जांभळी होती, ते बघून धाकटा रडला. पाय आवळून धरणारं घट्ट स्टॉकिंग चढवणं हे सकाळचं कष्टाचं काम आहे. घोट्याजवळ रुपयाएवढी जागा अजून बधिर आहे, काळा डागही पूर्ण जाणार नाही. पण अक्का, संध्याकाळी पाय माझा असतो. रात्री गोळे येत नाहीत. मागच्या आठवड्यात मी मुलांबरोबर शाळेमागच्या माळावर सहल घेऊन गेले आणि परत येताना कुठंही बसले नाही.

आमच्या शाळेत दुपारचा स्वयंपाक करणाऱ्या मावशींच्या पायाला तसाच निळा फोड आहे. तुम्ही मला दाखवलंत तसं मी त्यांना आडवं करून, पाय वर घेऊन, अंगठा कुठं आणि कसा दाबायचा ते दाखवलं. पुढच्या शनिवारी त्यांना डॉपलरला घेऊन जाते आहे.

तुमचा डब्याचा रुमाल माझ्याकडंच आहे. थंड पाण्यात चार वेळा धुतला, डाग गेला नाही, म्हणून तसाच दुसरा शहापूरच्या दुकानातून आणलाय. दोन्ही माझ्या पिशवीत असतात. मी अजून त्याच बसनं येते, पाच वाजून गेल्यावरची, आणि आता जागा मिळाली तर बसते. गणेबैलला चढलात तर हाक मारा.

तुमची,
घोट्याला पट्टी बांधलेली बाई