अध्यक्षपदासाठी नावे कळवा : सभासदांना स्मरण

सर्व सभासदांना नमस्कार.

पोलिसांनी पकडलेल्यांना व त्यांच्या घरच्यांना कायद्याची मदत करणाऱ्या आपल्या संस्थेच्या अध्यक्षपदासाठी अजून एकही नाव आलेले नाही, म्हणून ही सूचना पुन्हा देत आहोत. वार्षिक सर्वसाधारण सभा येत्या रविवारी आहे. इच्छुकांनी शुक्रवारपर्यंत चिटणीसांकडे लेखी संमती द्यावी.

पद मानद आहे, फक्त प्रवासखर्च मिळेल. वकील असण्याची अट नाही, आणि ती नसावी असेच आम्हाला वाटते. आपल्याकडे माणसे बहुतेकदा रात्री येतात. एखादी आई सांगते, मुलाला पोलिसांनी नेले, कुठे ठेवले ते कळत नाही. प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत त्याला दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करावेच लागते (संविधान, अनुच्छेद २२), आणि १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो, हे त्या आईला समजावणारे कार्यकर्ते आपल्याकडे आहेत. त्यांच्यावर दबाव आला की पाठीशी उभे राहणारे, पत्रावर बेधडक सही करणारे माणूस हवे आहे. हिशेब ओळ न ओळ वाचणारेही. देणगीदार काम वळवू लागला तर त्याला नाही म्हणता आले पाहिजे.

महिला सभासदांनी जरूर पुढे यावे. दोघीतिघींच्या मनात आहे, हे आम्हाला ठाऊक आहे.

निवडीनंतर ९० दिवसांत धर्मादाय आयुक्त कार्यालयात बदल अर्ज (पदाधिकारी बदलल्याची नोंद करण्याचा अर्ज) दाखल करावा लागतो. त्यासाठी संमतीपत्रासोबत आधार व पॅनची प्रत जोडावी.

– कार्यकारिणी