विहिरीजवळच्या अर्ध्या एकरात तीळ घे

जळगाव, जानेवारी अखेर

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

संक्रांत होऊन गेली, तरी तिळगूळ पोचला समज. विहिरीजवळच्या अर्ध्या एकरात काय घेऊ म्हणून विचारलंस. माझं एकच सांगणं, उन्हाळी तीळ घे. आणि ठरव लवकर. थंडी ओसरल्याशिवाय तिळाचं बी धड उगवत नाही, आणि फेब्रुवारीचा पंधरवडा उलटला की पीक वळवाच्या पावसाच्या तोंडी येतं. ९०-९५ दिवसांचं पीक आहे, मेच्या मध्यापर्यंत घरात आलं पाहिजे.

बियाणं एकेटी-१०१ बघ, अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचा वाण, उन्हाळ्याला चालतो. हेक्टरी ३-४ किलो लागतं, म्हणजे तुझ्या तुकड्याला किलोभरही नको. बी इतकं बारीक की नुसतं पेरलं तर दाट पडतं. तेवढ्याच चाळलेल्या शेणखतात नाहीतर वाळूत मिसळून पेर, आणि इंचाच्या आतच ठेव. पंधरा दिवसांनी विरळणी कर, म्हणजे जास्तीची रोपं उपटून टाक. तिथं हात आखडू नकोस, दाट तिळाला फांद्या फुटत नाहीत. पाणी बेतानं दे. फुलोऱ्यात आणि बोंडं भरताना ताण नको, पण सरीत पाणी साचलं की रोप माना टाकतं, म्हणून निचरा आधी बघ. फुलांच्या जागी पानांचे गुच्छ आलेलं झाड दिसलं तर ते उपटून जाळून टाक. तो पर्णगुच्छ रोग, तुडतुडे नावाचे किडे तो पसरवतात.

खरी परीक्षा कापणीला. तिळाचं बोंड हातात घेऊन बघशील तेव्हा कळेल: चार कडांचं, आत दाणे एकावर एक रचलेले, आणि वाळलं की टोकाकडून उकलतं. बुडाची बोंडं आधी पिकतात, शेंड्याची हिरवीच असतात. सगळी वाळायची वाट पाहिली तर खालचा दाणा रानातच सांडतो. पानं गळायला लागली, बोंडं पिवळी पडली की सकाळच्या गारव्यात काप. पेंढ्या बांधून ताडपत्रीवर उभ्या करून ठेव, आडव्या टाकू नकोस. चार-पाच दिवसांनी पेंढी उलटी धरून काठीनं हलकेच झटक. सरसर दाणे पडतात. पेंढ्या पुन्हा उन्हात उभ्या करून दुसऱ्यांदा झटक, शेंड्याचे दाणे तेव्हा येतात.

आता पैशाचं. कपाशीपुढे आपल्याकडे तीळ मागे पडला, याची मला खरंच हळहळ वाटते. सगळा माल आडतीवर नेऊन ओतू नकोस. तिळात निम्म्याच्या आसपास तेल असतं. काही तीळ लाकडी घाण्यावर दे. हे तेल लवकर खवट होत नाही, बाटलीत भरून ओळखीत विकलं तर दोन पैसे जास्त सुटतात. पेंड गाईला घाल. काड्या चुलीला होतात.

आणि घरचं तर वेगळंच. भोगीच्या बाजरीच्या भाकरीवर थापायला, गुळपोळीत, वांग्याच्या भाजीच्या कुटात, सगळीकडे आपल्याच रानातले तीळ. आई तिळाची चटणी अजून खलबत्त्यातच कुटते: तीळ मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजायचे, लसूण, सुकी लाल मिरची, मीठ, आणि तेल सुटेपर्यंत कुटायचं. मिक्सरमध्ये ती चव येत नाही, हे मी कुणाशीही वाद घालून सांगेन. कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, भाकरीबरोबर खा, मग बोलू.

बियाण्याची पिशवी मी घेऊन ठेवतो, येऊन ने. येताना मातीचा नमुना आण, इथं तपासायला टाकू. पेरणीला मी येतो, पेरणीची पाभर धरायला तुला माणूस लागेलच. काकूंना नमस्कार सांग.

तुझाच मित्र