रविवारी वेताळ टेकडीवर मुलांचा निसर्गखेळ

नमस्कार मंडळी,

येत्या रविवारी सकाळी ६.३० वाजता वेताळ मंदिरापाशी जमायचं आहे. 'सीक' (Seek) हे कॅमेऱ्यातून झाडं-प्राणी ओळखणारं ॲप घरूनच फोनवर घेऊन या. खातं उघडावं लागत नाही.

खेळ असा: मूल आधी स्वतः झाड ओळखणार, मगच कॅमेरा धरायचा. पळस आणि पांगारा, दोघांनाही तीन-तीन पानं. तिथे ॲप चुकू शकतं. पळसाचं पान चामड्यासारखं जाड, पांगाऱ्याच्या फांदीला काटे. हा फरक जो दाखवेल त्याला दुप्पट गुण. ॲपच्या बॅजपेक्षा मला हे गुण मोलाचे वाटतात.

- चार मुलांत एकच फोन, तोही सोबतच्या पालकांचा.
- फूल-पान तोडलं तर गुण नाहीत. घरट्यांचे फोटो अजिबात काढू नका.

पाणी, टोपी आणा. नावं शुक्रवारपर्यंत इथेच कळवा.