खांडसच्या वाटेवरील मामांस, आभारपूर्वक

आदरणीय मामा,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या नातीच्या फोनवर फोटो पाठवताना सोबत आभाराच्या चार ओळी लिहाव्यात, एवढाच विचार होता. परंतु लिहायला बसल्यावर ते चार ओळींत मावेना, म्हणून हे सविस्तर पत्र लिहीत आहे. तुम्हाला विचारल्यावाचून तुमचे नाव चारचौघांत घेणे बरे नाही, त्यामुळे तुम्हाला त्या दिवशी हाक मारली त्याच नात्याने इथेही हाक मारतो. नातीने हे तुम्हाला सावकाश वाचून दाखवावे, ही विनंती.

त्या जानेवारीच्या रात्री आम्ही भीमाशंकरच्या पायथ्याच्या खांडसला मुक्कामाला पोहोचलो तेव्हा ज्यांनी वाट दाखवायचे कबूल केले होते त्यांनी ऐनवेळी येत नसल्याचे कळवले होते. मी सदुसष्ट वर्षांचा आणि माझा पुतण्या सह्याद्रीत प्रथमच आलेला. त्यामुळे भीमाशंकर करून त्याच दिवशी खाली उतरण्याचा बेत सोडून द्यावा, असे मी जवळजवळ ठरवले होते. आम्ही ज्यांच्या पडवीत उतरलो होतो त्यांनी तुम्हाला बोलावून आणले. दुसऱ्या दिवशी तुमचे गवत कापायचे राहिले होते, हे मला परतताना कळले, तुम्ही मात्र फक्त एवढेच विचारले होते, "देवाला जायचंय का जंगल बघायचंय?" मी म्हणालो, शेकरू, म्हणजे ती झाडांवरची मोठी खार, बघायचे आहे. त्यावर तुम्ही म्हणालात, "मंग हळू चालायला लागंल."

पहाटे सहाला आपण निघालो. शिडी घाटाने लवकर पोहोचू, असे पुतण्याचे म्हणणे होते, पण माझ्या गुडघ्यांकडे एकदा पाहून तुम्ही गणेश घाटाची वाट धरलीत. पदरगडाच्या सुळक्यावर पहिले ऊन पडले तेव्हा आपण गणपतीच्या देवळापाशी पोहोचलो होतो. खालच्या अंगाला साग, ऐन, कुडा अशी पानगळीची झाडे आणि पदर, म्हणजे डोंगराचा मधला सपाट टप्पा, ओलांडून वर चढू लागल्यावर हळूहळू अंजनी, जांभूळ, हिरडा यांची दाट सावली, हा बदल मी पूर्वीही या वाटेने जाताना पाहिला असणार. पण कुठल्या वळणावर हवा गार लागते आणि तिथूनच शेकरूचा मुलूख सुरू होतो, हे तुम्ही थांबवून दाखवले नसते तर मला कधीच उमगले नसते.

ओढ्याच्या कडेला ओल्या मातीत भेकराचा, त्या लहानशा हरणाचा, खूर उमटला होता. फोडलेल्या बदामाच्या दोन फाका शेजारी शेजारी दाबून ठेवाव्यात, तसा तो नाजूक होता. तुम्ही बोट टेकवून कडा अजून ओली असल्याचे दाखवलेत आणि जनावर सकाळीच पाणी पिऊन गेल्याचे सांगितलेत. थोडे वर वाटेच्या मधोमध वाळून पांढरी पडलेली बिबट्याची विष्ठा होती, तिच्यात वानराचे केस. पुतण्या दचकला. तुम्ही काडीने ती उलटवून, ती जुनी आहे, असे शांतपणे सांगितलेत आणि पुढे चालू लागलात. तुमच्या त्या चालण्यानेच त्याची भीती गेली, असे तो आजही म्हणतो.

पण मुख्य आभार मानायचे आहेत ते त्या उंबराखाली गेलेल्या पाऊण तासाचे.

शेकरू पाहायचे म्हणजे मान वर करून झाडे धुंडाळायची, अशी माझी आजवरची पद्धत होती. तुम्ही जमिनीकडे पाहत चालत होता. उंबराखाली अर्धवट कुरतडलेली ताजी फळे पडलेली पाहून तुम्ही थांबलात, आणि तेवढ्यात वरून फळाचा आणखी एक तुकडा टपकन तुमच्या टोपीवर पडला. वर पाहिले तर मागच्या दोन पायांनी फांदी धरून, उलटे लोंबकळत, पुढच्या दोन्ही हातांत उंबर धरून ते खात होते. तांबूस-तपकिरी पाठ, मलईसारखे पोट आणि तोल सांभाळणारी ती फिकट, झुपकेदार शेपटी. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत सुमारे ३ फुटांचा हा प्राणी इतक्या बारीक फांदीवर इतका निर्धास्त असतो, हे डोळ्यांनी पाहूनही खरे वाटत नव्हते.

त्याच वेळी आभाळात सर्पगरुडाची शीळ ऐकू आली आणि शेकरू दिसेनासे झाले. पुतण्याने कॅमेरा सरसावला होता. ते बाहेर यावे म्हणून तो टाळी वाजवणार एवढ्यात तुम्ही त्याचा हात धरलात. "ते गेलं नाय. फांदीला चिकटून बसलंय. तुमी बसा." आपण बसलो. माझे लक्ष सारखे घड्याळाकडे जात होते, कारण भीमाशंकर अजून वर होते आणि उतरायचेही होते. तुम्ही मात्र तंबाखूची पिशवीसुद्धा उघडली नाहीत. बऱ्याच वेळाने ज्या फांदीकडे मी दहा वेळा पाहिले होते तिचाच एक भाग हलला आणि शेपूट झाला. फोटो त्यानंतरचा आहे. टाळी वाजली असती तर बहुधा एक पळणारी शेपटी मिळाली असती, आणि मुख्य म्हणजे एका जीवाला आम्ही उगाच जीव मुठीत धरून पळायला लावले असते.

घरट्यांचेही तुमच्याकडूनच कळले. एकच शेकरू अनेक घरटी बांधते हे मी वाचले होते, पण त्यांतले वापरातले कोणते ते कसे ओळखायचे, हे वाचण्यात आले नव्हते. डहाळ्यांत हिरवी पाने दिसली तर नवे, सगळीच तपकिरी पडलेली असली तर जुने, असे तुम्ही सांगितलेत, आणि तसल्या एका हिरव्या घरट्याखालून जाणारी सरळ वाट सोडून आम्हाला लांबच्या वळशाने नेलेत. पुढे वाट रुंद झालेल्या एका जागी तुम्ही काठीने दोन्ही बाजूंच्या फांद्यांमधले अंतर दाखवलेत. "इथून आता त्याला उडी जमत नाय. खाली उतरलं की कुत्री धरत्यात." १९८५ साली जाहीर झालेले भीमाशंकरचे हे सुमारे १३० चौरस किलोमीटरचे अभयारण्य महाराष्ट्राच्या राज्यप्राण्यासाठी, म्हणजे शेकरूसाठी, ओळखले जाते, त्या राज्यप्राण्याचे जगणे दोन फांद्यांमधल्या अंतरावर कसे अवलंबून असते, हे मला त्या काठीच्या टोकाने समजावले. शेकरूसाठी वाटेवरच्या फांद्या एकमेकींना भिडलेल्या राहू द्याव्यात, हे मी आता भेटेल त्याला सांगतो.

देवळात आपण फार थांबलो नाही. चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई जिंकल्यानंतर तिथून आणलेली ती पोर्तुगीज घंटा पुतण्याला दाखवली, दर्शन घेतले आणि तुमच्या घरून आणलेली नाचणीची भाकरी व ठेचा खाऊन अडीचला उतरायला लागलो.

पदराच्या खाली माझ्या उजव्या बुटाचा तळवा पुढून पार सुटला. त्या उतारावर, अंधाराला जेमतेम तास उरलेला असताना, मी खरोखर घाबरलो होतो. कमरेच्या आकडीतला कोयता बाजूला ठेवून तुम्ही पिशवीतली सुतळी काढलीत, बुटाला तीन वेढे दिलेत आणि गाठ वरच्या अंगाला घेतलीत, म्हणजे दगडावर घासून ती तुटू नये. मग शेवटचा तासभर, बॅटरीच्या उजेडात, तुम्ही माझ्या एक पाऊल पुढे आणि किंचित खालच्या बाजूला चालत राहिलात. मी घसरलो तर तुमच्यावर पडावे, म्हणून तुम्ही तसे चालत होता, हे मला घरी आल्यावर लक्षात आले. कर्जतची टमटम मिळाली तेव्हा साडेसात वाजून गेले होते आणि घाईघाईत तुमचा नीट निरोपही घेता आला नाही. त्याची रुखरुख अजून आहे.

ती सुतळी मी सोडलेली नाही. बूट तसाच कपाटात आहे. सोबत तीन फोटो मोठे करून पाठवत आहे: एक शेकरूचा, एक भेकराच्या खुराचा आणि एक तुमचा, उंबराखाली वर पाहतानाचा. गवत कापणीचा तुमचा जो दिवस आमच्यासाठी बुडाला त्याची भरपाई मजुरीच्या पैशांत धरलेली नव्हती. तेव्हा पुढच्या कापणीला पुतण्या दोन दिवस तुमच्याकडे येऊन राहणार आहे. त्याने विळा कधी धरलेला नाही. तुम्ही शिकवाल, असे मी त्याला सांगून ठेवले आहे. घरच्या सर्वांना नमस्कार.

तुमचा ऋणी,
डोंबिवलीचे गुरुजी