स्टेडियम, इरा आणि तुझं गहुंजे

फिलाडेल्फिया
२ फेब्रुवारी २०२५

प्रिय सुन्या,

गणपतीपासून व्हॉट्सॲपवर अंगठे दाखवण्यापलीकडे मी काही लिहिलं नाही, मान्य. शिव्या फोनवर घाल. तब्येत बरी आहे, साखर काबूत, बर्फ उपसून धरलेली कंबर सुटली. संपला विषय.

लिहितोय ते स्टेडियमवरून. इथे कुणाला सांगायची सोय नाही. पुढच्या रविवारी ईगल्सची, म्हणजे इथल्या अमेरिकन फुटबॉल संघाची फायनल, त्यामुळे अख्खं गाव हिरवे टी-शर्ट घालून वेडं झालंय.

सिक्सर्सना, म्हणजे इथल्या बास्केटबॉल संघाला, भर गावात, मार्केट स्ट्रीटवर स्टेडियम हवं होतं, हे तुला २०२२ मध्येच सांगितलं होतं. १८,५०० खुर्च्या, १३० कोटी डॉलर खर्च, खाली लोकलचं स्टेशन आयतं. जागा म्हणजे रया गेलेल्या मॉलचा एक तुकडा. आणि पाठीला पाठ लावून चायनाटाऊन. मी पहिल्या दिवसापासून बाजूने. का, ते तुला सांगायला नको. स्वारगेटला उतरायचं, चालत नेहरू स्टेडियम, मॅच सुटली की सारसबागेची भेळ. इथलं आत्ताचं स्टेडियम गावाच्या दक्षिण टोकाला, भोवती नुसतं पार्किंग. मॅच संपली की जो तो आपापल्या गाडीत बसून पसार. त्यापेक्षा पुण्याबाहेरचं तुझं गहुंजे स्टेडियम बरं, निदान डोंगर तरी दिसतो. (हे वाक्य पुढे कुठेही वापरायचं नाही.)

आणि इरा कट्टर विरोधात. चायनाटाऊनमधल्या पोरांना शनिवारी गणित शिकवते ना ती. सप्टेंबरातल्या मोर्चात पाटी घेऊन चालली. घरी जेवताना रोज खडाजंगी, मंजू ताट उचलून टीव्हीसमोर जायची. इराचं म्हणणं, ह्यांच्या वस्तीतून आधी हायवे काढला, २००० साली बेसबॉलचं स्टेडियम आणायला निघाले, २००८ मध्ये कसिनो. ते दोन्ही त्यांनी भांडून परतवले. पण दर वेळी साहेबांना मोकळी जागा दिसते ती ह्यांच्याच दारात कशी? मला वॉशिंग्टनला घेऊन गेली, म्हणाली बघा. तिथल्या चायनाटाऊनमध्ये १९९७ साली असंच स्टेडियम झालं. आता कॉफीच्या दुकानावरसुद्धा चिनी अक्षरांत पाटी आहे आणि चिनी घर मात्र शोधावं लागतं. मी म्हटलं, भाडी काय एकट्या स्टेडियममुळे वाढतात? परतीच्या गाडीत ट्रेंटनवाल्या काकूंसारखी गप्प बसली.

डिसेंबरात सिटी कौन्सिलने १२ विरुद्ध ५ मतांनी मंजुरी दिली. मी पेढे आणले, तिने हात लावला नाही. आणि महिना उलटायच्या आत सिक्सर्सच्या मालकांनी आत्ताच्या स्टेडियमची मालक असलेल्या कॉमकास्ट कंपनीशी हातमिळवणी केली आणि स्टेडियम चाललं परत दक्षिण टोकाला! ज्यांनी बाजूने हात वर केले त्यांनाही पत्ता नव्हता म्हणे. सुन्या, अडीच वर्षं गावात भांडण लावून दिलं, घराघरांत लावलं, आणि निकाल लागला बंद खोलीत, दोन मालकांमध्ये.

मला वाटलं, इरा नाचेल. तर म्हणाली, “आम्ही कुठे जिंकलो बाबा, ते निघून गेले. उद्या दुसरा कुणी येईल.” आणि वर, “तुम्हाला तुमच्या स्वारगेटच्या आठवणी दुसऱ्याच्या दारात बांधायच्या होत्या.”

हे बोचतंय रे. तेव्हापासून घरात फक्त “दूध संपलंय” एवढंच बोलणं. स्टेडियम गावातच हवं, हे माझं मत आजही तेच आहे. पण नेहरू स्टेडियम बांधलं तेव्हा तिथे आधी कोण होतं, हे आपण कधी विचारलं होतं? तुझ्या वडिलांना ठाऊक असतं. नाना असते तर विचारलं असतं.

तू म्हणशील, गावाबाहेर असतं तर हे झालंच नसतं. तुझ्या बाजूने एकच मुद्दा मला पटतो. २९ फेब्रुवारी १९९६, नेहरू स्टेडियमवर वर्ल्ड कपची मॅच, केनिया १६६ वर आटोपल्यावर “आता काय बघायचं” म्हणून तू पक्याच्या लूनावर घरी गेलास, आणि वेस्ट इंडिज ९३ वर गारद. त्या जाड्या कीपरने लाराचा कॅच घेतला तेव्हा तू झोपला होतास. स्टेडियम गहुंज्याला असतं तर तुला परत जायला वाहन मिळालं नसतं आणि झक मारत मॅच बघावी लागली असती.

बरं, वहिनींचा गुडघा कसा आहे? चिन्मयचं काय ठरलं, जर्मनी की नाही? आणि सोसायटीच्या रीडेव्हलपमेंटला अजून तोच एक जण सही करत नाहीये ना? शिव्या नको घालू त्याला, आधी विचार तरी का करत नाहीये.

एक काम कर. रविवारी तुझ्या संध्याकाळी फोन कर आणि इराला मागून घे. तुझं ऐकते ती. मी सांगितलंय हे कळू देऊ नकोस, आणि गहुंज्याची बाजू घेऊन मला तिच्यासमोर उघडं पाडू नकोस.

तुझा,
नंद्या

ता. क. लूनाचं पेट्रोल पक्याने भरलं होतं, तू नाही. त्याला विचारलंय.