एकाच झाडाचं बी पुरत नाही

महोदय,

दक्षिण अटलांटिक महासागरातल्या सेंट हेलेना बेटावरचं ‘ऑलिव्ह’ नावाचं झाड २००३च्या डिसेंबरात जगातून संपलं. नाव ऑलिव्ह, पण कूळ आपल्या बोरीचं. १९७७ मध्ये जंगलात एक झाड सापडलं, तेही १९९४ मध्ये वठलं. फुलांना स्वतःचाच पराग चालत नसे, म्हणून बी क्वचितच धरे. फांद्यांना मुळं फुटणंही अवघड. लागवडीतल्या शेवटच्या झाडाला बुरशी आणि वाळवीनं गाठलं. एकच झाड उरेपर्यंत थांबलं की असं होतं. आणि एकाच झाडाच्या बियांची रोपं सगळी भावंडंच असतात.

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर-जांबोटी भागात रानझाडांची रोपं करणाऱ्यांनी म्हणूनच रस्त्याकडेच्या एकाच झाडाखालचं बी वेचू नये. निदान दहा-पंधरा, एकमेकांपासून लांबच्या झाडांचं घ्यावं आणि कुठलं ते चिठ्ठीवर लिहावं. जांभळाचं बी वाळवून डब्यात ठेवलं की मरतं; गर धुऊन आठवडाभरात, बोटाच्या एका पेराइतकं खोल लावावं. पिशवीच्या तळाला भोकं हवीतच. नाहीतर आपल्याकडच्या पावसात पाणी साचतं, मातीलगत देठ काळा पडून मऊ होतो आणि रोप आडवं होतं. असं रोप लगेच मातीसकट बाजूला काढावं.

वनखात्यानं रोपं वाटताना ती किती झाडांच्या बियांपासून केली, हेही सांगावं, ही विनंती.

– रोपवाटिका चालवणारे काही वाचक, खानापूर