‘ग्रुप लीडरच्या संमतीने’ ही नोंद आधी काढा

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख
(प्रत ग्रुप डेस्कला, जो सोमवार ते शुक्रवार कचेरीच्या वेळातच फोन उचलतो)

विषय : फ्रँकफर्ट ते मुंबई ग्रुप बुकिंग, खोटी नोंद रद्द करणे आणि भरपाई

आज सकाळी तुमच्या कॉल सेंटरवरच्या बाईंनी मला कळवलं, की आमची तक्रार बंद केली आहे. का, तर ‘सिस्टीममध्ये दिसतंय’ की ग्रुप लीडरने स्वखुशीने गट तीन विमानांत विभागून घेतला. ग्रुप लीडर मी आहे. म्हणून हे पत्र.

पीएनआर, विमान क्रमांक, तारीख मी पुन्हा देत नाही. दर फोनला दिले आहेत आणि दर फोनला तेच संगीत ऐकत बसले आहे. पुण्यातली शाळा, नववी-दहावीची वीस मुलं, आम्ही दोन शिक्षक. मी जर्मन शिकवते. म्युनिकचं डॉइचेस म्युझियम झालं, हायडेलबर्गचा किल्ला झाला, मुलं जर्मन घरांत राहिली, तिथे भांडी घासायला शिकली. एकही पासपोर्ट हरवला नाही, कुणी पायसुद्धा मुरगाळून घेतला नाही. तुमच्या ताब्यात येईपर्यंत सगळं सुरळीत होतं.

दुपारचं विमान. आम्हाला आत बसवलं, दार लागलं, मग वैमानिकाने स्वतः सांगितलं की हायड्रॉलिकमध्ये बिघाड आहे, सुटा भाग यायचा आहे. मग उतरवलं. फ्रँकफर्टला रात्री अकरा ते पहाटे पाच उड्डाणांना बंदी असते हे तुम्हाला ठाऊक आहेच. त्या अकराला काही मिनिटं उरली असताना आपण निघालो. तोवर माणशी एक सँडविच. चेक-इनच्या जागी प्रवाशांच्या हक्कांची सूचना स्पष्ट दिसेल अशी लावायला हवी, ती मी मुलांना घेऊन शोधली. वाचनाचा सराव झाला असता. सापडली नाही.

तुमच्या पहिल्या उत्तरात उशिराचं कारण ‘खराब हवामान’ असं आहे. त्या दुपारी लख्ख ऊन होतं आणि आमच्या खिडकीतून बाकीच्या कंपन्यांची विमानं एकामागून एक उडताना दिसत होती. खराब हवामान फक्त तुमच्याच गेटवर असावं.

आता मुख्य गोष्ट. आखातातल्या तुमच्या तळावर आम्ही पहाटे उतरलो तेव्हा मुंबईचं जोडविमान केव्हाच गेलं होतं. ट्रान्स्फर डेस्कपुढची रांग संपवून मी पुढे गेले, तर तिथल्या गृहस्थांनी स्क्रीनवरून नजर न काढता सांगितलं, की सकाळच्या विमानात आठ जागा, संध्याकाळच्या विमानात सात आणि दुसऱ्या दिवशी सात. मी म्हटलं, आम्ही दोन शिक्षक आहोत, दोन तुकड्या करा. ‘सिस्टम ने तीन किया है, मॅम.’ मी विचारलं, मग मधल्या सात मुलांबरोबर कोण? ‘बारा साल के ऊपर अकेले जा सकते हैं.’ बुकिंगच्या वेळी याच मुलांसाठी तुमच्या ग्रुप डेस्कने माझ्याकडून सोबतच्या शिक्षकांची नावं, पदं आणि शाळेच्या लेटरहेडवरचं पत्र मागितलं होतं, हे मी सांगितलं. ते त्यांना दिसत नव्हतं. ‘वो दूसरा डिपार्टमेंट है.’

मी सुपरवायझरला बोलवायला सांगितलं. सुपरवायझर येत आहेत, असं उत्तर मिळालं. हे पत्र लिहीपर्यंत ते आलेले नाहीत.

मग मी स्वच्छ सांगितलं, की चौदा-पंधरा वर्षांच्या सात मुलांना परक्या विमानतळावर एकटं सोडायला माझी तयारी नाही. त्यावर ते पहिल्यांदा माझ्याकडे बघून म्हणाले, ‘आप इनकी माँ तो नहीं हैं न? तो आप मना नहीं कर सकतीं.’ बरं. मग मुलांच्या आई-वडिलांना फोन लावते, तुम्हीच त्यांच्याशी बोला, असं मी म्हटलं. त्याला वेळ नव्हता. दहा मिनिटांत जागा सुटतील, मग परवापर्यंत काही नाही. आणि आमच्या नावांची छापील यादी आणि बॉलपेन माझ्यापुढे सरकवून म्हणाले, ‘मॅम, आप ग्रुप लीडर हैं. आप टिक कर दीजिए, कौन कब जाएगा.’

म्हणजे नकार द्यायचा तर मी त्यांची कुणी नाही, आणि खुणा करायच्या तर मी लीडर. वीस मुलं माझ्या मागे उभी राहून हे ऐकत होती. कुणाला पाठवते आणि कुणाला ठेवते ते बघत होती. एक मुलगी पुढे येऊन म्हणाली, ‘बाई, मी जाते एकटी, चालेल मला.’ तिला दम्याचा त्रास आहे आणि तिचा जादा पंप माझ्या पिशवीत होता. मी खुणा केल्या. त्यांनी यादी ओढून घेतली आणि म्हणाले, ‘थँक यू फॉर युअर कोऑपरेशन.’

हीच तुमची ‘स्वखुशी’. व्हिसासाठी आई आणि वडील दोघांच्या सह्यांची संमतीपत्रं लागली होती, प्रत्येक मुलाची वेगळी. तुम्हाला मात्र माझ्या बॉलपेनची खूण पुरली.

पुढचं थोडक्यात. सर पहिल्या तुकडीबरोबर गेले. मधली सात मुलं दिवसभर माझ्या नजरेसमोर होती. संध्याकाळी गेटच्या आत गेली आणि मुंबईला उतरून एकाने वडिलांच्या फोनवरून कळवेपर्यंत ती कुठे आहेत हे सांगणारं तुमच्याकडे कुणी नव्हतं. रोमिंग आम्हा दोघा शिक्षकांच्याच फोनला होतं. पालक पुण्याहून मिळेल त्या गाडीने टर्मिनल दोनवर पोहोचले. आम्ही ठरवलेली बस आदल्या दिवशी वाट बघून रिकामी परत गेली, तिचं पूर्ण भाडं शाळेने भरलं. मी आणि उरलेली सहा मुलं रात्रभर गेटजवळच्या कार्पेटवर. हॉटेल मिळालं नाही, कारण अल्पवयीन मुलांच्या ट्रान्झिट व्हिसाला वेळ लागतो म्हणे. त्यांना एकटं विमानात बसवायला मात्र वेळ लागत नाही.

जेवणाची कुपनं एकाच बर्गरच्या दुकानात चालत होती. तिथे शाकाहारी म्हणजे बटाट्याच्या फ्राइज. गटातल्या दोघी जैन आहेत, आणि त्यांचं जैन जेवण तिकिटासोबत तुमच्याकडेच नोंदवलेलं होतं. त्या दोघींनी रात्र माझ्याकडच्या राजगिऱ्याच्या लाडवांवर काढली.

आता कायद्याचं. प्रवास फ्रँकफर्टहून सुरू झाला, त्यामुळे तुमची कंपनी युरोपातली नसली तरी विमानाच्या उशिराच्या भरपाईचा युरोपियन संघाचा २००४ चा २६१ क्रमांकाचा नियम तुम्हाला लागू होतो. बुकिंग एकच असेल तर मधला थांबा युरोपाबाहेर असला तरी तो एकच प्रवास धरतात, हे युरोपियन न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितलं आहे. नेहमीचा तांत्रिक बिघाड ही भरपाईतून सुटका देणारी ‘असाधारण परिस्थिती’ नव्हे, हे त्याआधी २००८ मध्ये. अंतर साडेतीन हजार किलोमीटरहून जास्त आणि उशीर कित्येक तासांचा, म्हणजे माणशी ६०० युरो. बावीस प्रवासी, १३,२०० युरो. आणि दुसऱ्या विमानाला प्रवाशाने हो म्हटलं म्हणून उशिराची भरपाई बुडत नाही. तेव्हा ती ‘स्वखुशी’ खरी असती तरी तुमच्या उपयोगाची नव्हती. मग खोटी कशाला लिहिलीत?

मला पैशांपेक्षा ती नोंद जास्त टोचते. उद्या एखाद्या पालकाने विचारलं, की माझ्या मुलीला एकटं कुणी पाठवलं, तर तुमच्या कागदावर माझं नाव आहे. संमती मी दिलेली नाही. वर लिहिलं आहे, पुन्हा लिहिते : मी नकार दिला होता, सुपरवायझर मागितला होता, पालकांशी बोला म्हटलं होतं. डेस्कवर कॅमेरे असतील. बघा.

सहलीची तिकिटं ठरवताना पालक सभेत स्वस्त पर्याय पुढे आला होता. चार पैसे जास्त जाऊ द्यात पण कंपनी भरवशाची आहे, असं मी स्वतः उभं राहून सांगितलं. तुमच्या विमानात सुरक्षासूचनांच्या आधी कुटुंबाची जाहिरात लागते, आजी, नातू, मिठी वगैरे. ती लावत जाऊ नका. निदान शाळेच्या सहली असतील तेव्हा तरी.

पंधरा दिवसांत नोंद दुरुस्त केल्याचं लेखी पत्र माझ्या आणि शाळेच्या नावे हवं. १३,२०० युरो, बसचं भाडं आणि पालकांच्या गाड्यांचा खर्चही हवा. पावत्या जोडल्या आहेत. न आलेली एक निळी बॅग अजून तुमच्याकडेच आहे. तिची विमानतळावर केलेली नोंद तुमच्या माणसाच्या सहीची आहे, ती तरी ‘दिसत नाही’ म्हणू नका.

नाहीतर पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात येऊ. तक्रारदार राहतो तिथे दावा लावता येतो, तुमच्या मुख्यालयाला जायची गरज नाही. जर्मनीत अशा दाव्याची मुदत तीन वर्षांची आहे, त्यामुळे घाई तुम्हाला असावी, मला नाही. तिथल्या विमान वाहतूक कार्यालयाला, लुफ्टफार्ट-बुंडेसआम्टला, लिहायचं पत्र तयार आहे. भाषांतराचा खर्च नाही, मीच लिहिलं आहे. आणि ती मधली सात मुलं स्वतःच्या हाताने एकेक पत्र लिहायला तयार आहेत. त्यांचं जर्मन चांगलं आहे.

एक जर्मन शिक्षिका,
पुणे

ता. क. : ‘झालेल्या गैरसोयीबद्दल’ पाठवलेलं दहा टक्के सवलतीचं कुपन परत करते आहे. ते ग्रुप बुकिंगला लागू नाही, असं त्याच्याच तळाशी लिहिलं आहे.